हृदयाची साक्ष आणि अंगठीची खूण : शाकुंतलातील स्मृतीचा विचार

महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलोपाख्यान आणि कालिदासाचे ‘अभिज्ञानशाकुंतल’ यांची तुलना करताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम दुर्वासाच्या शापाकडे जाते. व्यासांच्या दुष्यंताला सारे आठवत असते. आठवत असूनही तो भर सभेत शकुंतलेला ओळखण्याचे नाकारतो, आणि आकाशवाणी झाल्यावर, प्रजेच्या मनात संशय उरू नये म्हणून आपण असे वागलो, असा खुलासा करतो. कालिदासाने शापाची योजना करून आपल्या नायकाला या लबाडीतून सोडविले, हे मत आता इतके रूढ झाले आहे की पाठ्यपुस्तकांतून ते सिद्धान्तासारखे सांगितले जाते. ते चूक नाही. अपुरे मात्र आहे. नायकाचे शील सांभाळणे एवढाच हेतू असता तर संपूर्ण विस्मरणाने काम भागले असते. राजाला काहीच आठवत नाही, तो शांतपणे नकार देतो, पुढे अंगठी सापडते आणि सारे आठवते, एवढ्यावर कथानक सुरळीत चालले असते. कालिदासाने तसे केलेले नाही. त्याच्या दुष्यंताचे विस्मरण अर्धे आहे, आणि पाचव्या अंकाचा सारा ताण या अर्धेपणातून उत्पन्न झाला आहे.

शापाचे शब्द काळजीपूर्वक पाहिले तर ही गोष्ट ध्यानात येते. ज्याच्या चिंतनात तू गढून गेली आहेस तो, आठवण करून दिली तरी, तुला आठवणार नाही. मद्यधुंद माणसाला आपणच आधी उच्चारलेले बोलणे आठवू नये तसा, असा त्याचा आशय आहे. शाप स्मरण हिरावून घेतो, आणि स्मरण करून देण्याचा उपायही निष्फळ ठरवितो. प्रीतीविषयी मात्र त्यात एक अक्षर नाही. राजाचे मन तिच्यावरून उडेल, असे दुर्वास म्हणत नाही. घडलेल्या गोष्टीचे ज्ञान आणि त्या गोष्टीने अंतःकरणावर उमटविलेला परिणाम या दोन वस्तू येथे वेगळ्या केल्या गेल्या असून शापाचा अंमल पहिलीवर आहे, दुसरीवर नाही. हा भेद शापवचनात गर्भित असतो. तो उघड होतो हंसपदिकेच्या गीताने.

पाचव्या अंकाच्या आरंभी राजा आणि विदूषक बसले असताना आतून गाण्याचे सूर येतात. गीत लहान आहे, आणि संस्कृत नाटकांच्या रूढीप्रमाणे ते महाराष्ट्री प्राकृतात आहे. राजाच्या मनाला धक्का देणारे शब्द मराठीच्या पूर्वज भाषेत असावेत, हा मराठी वाचकाला सुखावणारा योगायोग होय. नव्या मधाला लोभावलेल्या भ्रमराने आम्रमंजरीचे चुंबन घेतले आणि कमळात वस्ती मिळताच तो तिला विसरला, असा गीताचा आशय आहे. राजाला त्यातील टोमणा तत्काळ कळतो. एकदा प्रेम करून आपण हिला विसरलो आणि राणी वसुमतीच्या नादी लागलो, असे ही सुचविते, हे तो हसत सांगतो आणि विदूषकाला तिच्या समजुतीसाठी पाठवून देतो. बुद्धीच्या दृष्टीने प्रकरण येथे मिटले. पण राजाच्या मनातील हुरहूर मिटत नाही. प्रिय माणसाचा वियोग नसतानाही आपण इतके व्याकूळ का झालो, असे तो स्वतःलाच विचारतो. रम्य वस्तू पाहून आणि मधुर शब्द ऐकून सुखी प्राण्यालाही जेव्हा उत्कंठा लागते, तेव्हा तो नकळत पूर्वजन्मीची, भावरूपाने स्थिर राहिलेली सौहृदे आठवीत असला पाहिजे, असे उत्तर देतो, आणि तसाच अस्वस्थ उभा राहतो.

येथे एका तपशिलाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. गीतात भ्रमर आहे. पहिल्या अंकात शकुंतलेच्या तोंडाभोवती घोंघावून तिला सतावणाराही भ्रमरच होता. त्याचा हेवा करीत राजा झाडाआडून पाहत होता आणि त्याच्यापासून तिचे रक्षण करण्याच्या निमित्तानेच तो पुढे आला. पाचव्या अंकात, शकुंतलेच्या मुखावरील अवगुंठन दूर झाल्यावर, तिचा स्वीकार करवत नाही आणि तिला टाकवतही नाही या आपल्या अवस्थेला राजाला जी उपमा सुचते ती पहाटेच्या वेळी दवाने भरलेल्या कुंदफुलाभोवती फिरणाऱ्या भ्रमराची. सहाव्या अंकात चित्रातील शकुंतलेला त्रास देणाऱ्या चित्रातल्याच भ्रमराला तो दम देतो. तेव्हा हंसपदिकेचे गीत ऐकून राजा कोणत्याही मधुर गीताने व्हावा तसा व्याकूळ झाला, असे मानणे पुरेसे नाही. त्याच्या प्रीतीचा पहिला क्षण ज्या वस्तूशी जोडला गेला होता तीच वस्तू गीतातून त्याच्या कानी पडली. प्रसंग आठवत नाही. प्रसंगाची सोबतीण असलेली खूण मात्र अंतःकरणाला जाऊन भिडते.

राजाच्या या उद्गाराला साहित्यशास्त्रात मानाचे स्थान मिळाले ते अभिनवगुप्तामुळे. भरताच्या रससूत्रावरील विवेचनात त्याने हाच श्लोक उदाहरणादाखल घेतला असून त्यात दाखविलेली स्मृती तार्किकांना परिचित असलेली स्मृती नव्हे, कारण तो विषय पूर्वी अनुभवलेला नाही. ती प्रतिभान हे दुसरे नाव असलेली, साक्षात्काराच्या स्वरूपाची अवस्था होय, असे म्हटले आहे. रसचर्चेच्या दृष्टीने हे विधान मोलाचे आहे. सहृदयाच्या ठिकाणी अनादि वासना असते आणि काव्याने ती जागी होते, हे सांगताना असा दाखला हवाच होता. मात्र अभिनवगुप्ताच्या अधिकारामुळे हा श्लोक प्रसंगापासून सुटा झाला, हेही म्हटले पाहिजे. पुढील कित्येक विवेचकांनी तो जन्मान्तरीच्या संस्काराचे काव्यमय वर्णन म्हणूनच वाचला. नाटकात तो तसा नाही. प्रेक्षकाला ठाऊक आहे की राजाचा तो पूर्वजन्म काही महिन्यांपूर्वीच्या तपोवनातला आहे, आणि त्या पूर्वजन्मीचे सौहृद यावेळी गौतमी आणि ऋषिकुमार यांच्यासह राजवाड्याच्या वाटेवर आहे. राजाने आपल्या व्याकुळतेचे दिलेले कारण चुकीचे आहे; व्याकुळता खरी आहे. श्लोकाचे सारे कारुण्य या विसंगतीत साठविलेले आहे.

व्याकुळता खरी आणि तिचे कारण चुकीचे, अशी अवस्था मनुष्याच्या ठिकाणी खरोखर संभवते काय? मेंदूच्या अभ्यासाने गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकला आहे. जिनीव्हा येथील मानसशास्त्रज्ञ एद्वार क्लापारेद याने १९११ मध्ये एका रुग्ण स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला कोर्साकॉफ याच्या नावाने ओळखला जाणारा स्मृतिविकार होता. भेटून गेलेला माणूस काही मिनिटांत ती विसरत असे. हस्तांदोलन करताना क्लापारेदने बोटांत टाचणी लपवून तिला टोचले. ती घटना ती विसरली. पण पुढे त्याने पुन्हा हात पुढे केला तेव्हा तिने आपला हात मागे घेतला. कारण विचारल्यावर, माणसांच्या हातांत कधी कधी टाचण्या लपविलेल्या असतात, अशा अर्थाचे मोघम उत्तर तिने दिले. स्वतःवर गुदरलेला प्रसंग तिला सर्वसामान्य जगरहाटीसारखा वाटला. दुष्यंताने आपल्या हुरहुरीचे कारण सर्व प्राणिमात्रांच्या पूर्वजन्मांत शोधावे, याच्याशी या उत्तराचे साम्य विलक्षण आहे. (तो विकार बहुधा अतिमद्यपानाने बळावतो आणि दुर्वासाचा दृष्टान्तही मद्यप्याचा आहे. पण या योगायोगावर काही उभारणे शहाणपणाचे होणार नाही.)

क्लापारेदचा अनुभव एका रुग्णापुरता होता. त्यामागील रचना पुढे हळूहळू उलगडत गेली. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या भागांत समुद्रघोड्याच्या आकारावरून नाव पडलेला हिप्पोकॅम्पस नावाचा अवयव आहे आणि त्याच्या अगदी शेजारी बदामाच्या आकाराचे अमिग्डला नावाचे केंद्र आहे. अपस्मारावरील उपाय म्हणून १९५३ मध्ये एका रुग्णावर झालेल्या शस्त्रक्रियेत हा प्रदेश काढून टाकला गेला, आणि त्यानंतर त्याला नवी घटना स्मरणात ठेवणे अशक्य झाले. १९५७ मध्ये स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिल्नर यांनी त्याविषयी लिहिलेल्या निबंधापासून घटनास्मृतीचा हिप्पोकॅम्पसशी असलेला संबंध निश्चित झाला. भावनेचा धागा वेगळा असतो हे स्पष्टपणे दाखविले ते बेचारा, ट्रानेल, दामासिओ आणि त्यांचे सहकारी यांच्या १९९५ मधील प्रयोगाने. त्यांनी रुग्णांना रंगीत चित्रफिती दाखविल्या आणि एका विशिष्ट रंगाबरोबर भोंग्याचा कर्कश आवाज ऐकविला. ज्याचे दोन्ही बाजूंचे अमिग्डला निकामी झाले होते त्याने कोणत्या रंगानंतर आवाज होत असे हे अचूक सांगितले, पण तो रंग दिसल्यावर त्याच्या शरीरात काहीही हालचाल झाली नाही. ज्याचा हिप्पोकॅम्पस निकामी होता त्याला कोणता रंग ते सांगता येईना, पण रंग दिसताच त्याच्या त्वचेला सूक्ष्म घाम सुटे. घाम मोजण्याचे यंत्र येथे नवे आहे. स्वेद मात्र भरतमुनींच्या आठ सात्त्विक भावांतला आहे.

याहून दुष्यंताच्या अधिक जवळचा असा एक प्रयोग फाइनस्टाइन, डफ आणि ट्रानेल यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या पाच रुग्णांना त्यांनी शोकपूर्ण आणि आनंददायक चित्रपटांतील प्रसंग दाखविले. थोड्याच वेळात प्रसंगाचा तपशील रुग्णांच्या मनातून जवळजवळ पुसला गेला; दुःख मात्र त्यानंतरही टिकून राहिले. आपण खिन्न आहोत हे त्यांना कळत होते, कशाने ते सांगता येत नव्हते.

यात हृदयाचा, म्हणजे छातीतील प्रत्यक्ष अवयवाचा, वाटा कोणता? विल्यम जेम्स याने १८८४ मध्ये असे प्रतिपादन केले की शारीरिक बदलांची जाणीव म्हणजेच भावना. आपण रडतो म्हणून दुःखी होतो. वॉल्टर कॅनन याने १९२७ मध्ये त्यावर कठोर टीका केली : हृदयाचे वेगाने धडधडणे भीतीतही असते आणि क्रोधातही असते, तेव्हा धडधडण्यावरून भावना कशी ठरणार? हा वाद त्याच स्वरूपात आता उरलेला नाही, तरी दोघांच्या म्हणण्यातील ग्राह्यांश टिकून आहे. भावनेने भारलेला प्रसंग घडताना अमिग्डलाकडून निघालेल्या प्रेरणांनी हृदयाची गती बदलते आणि रक्तात अॅड्रिनलिनसारखी द्रव्ये उतरतात. हीच द्रव्ये त्या प्रसंगाची आठवण दृढ करण्यास हातभार लावतात. केहिल, मॅक्गॉ आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये काही जणांना अशा द्रव्यांचा परिणाम रोखणारे प्रोप्रानोलोल हे औषध देऊन एक गोष्ट दाखविली. आठवड्यानंतर त्यांना गोष्टीचा साधा भाग इतरांइतकाच आठवला. मुलाच्या अपघाताचा भाग मात्र औषध न घेतलेल्यांना आठवला तितका आठवला नाही. उलट दिशेनेही वाहतूक चालू असते. हृदय आणि इतर अंतरिंद्रिये यांना मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस नाडीतील बहुसंख्य तंतू खालून वर, म्हणजे मेंदूकडे, संदेश नेणारे आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात प्रकाशाच्या साहाय्याने उंदरांच्या हृदयाची गती कृत्रिम रीतीने वाढविली गेली, तेव्हा धोक्याच्या जागी ते अधिक भयभीत वागू लागले. आणि मेंदूतील इन्सुला या भागाचे कार्य थांबविल्यावर हा परिणाम ओसरला. आयुर्वेदाने हृदयाला चेतनेचे स्थान मानले ते शब्दशः खरे नसले, तरी हृदय हा निव्वळ पंप आहे आणि कवी त्याचे नाव उगीचच घेतात, असे मानणेही आता अवघड झाले आहे.

कॅननचा आक्षेप या सर्वांतून तरलेला आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच सर्वात महत्त्वाचा ठरतो. प्रत्येक भावनेची शरीरात एक ठरावीक, न चुकणारी खूण असते हे दाखविण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले. अशी खूण निर्विवादपणे हाती आलेली नाही. शॅक्टर आणि सिंगर यांनी १९६२ मध्ये काही जणांना, त्यांना न सांगता, अॅड्रिनलिन टोचले आणि ते आपल्या धडधडीचा अर्थ सभोवतीच्या परिस्थितीवरून लावतात असे मांडले. पुढील पडताळ्यांत त्यांचे सगळे निष्कर्ष टिकले नाहीत, पण शरीराचा क्षोभ स्वतःचे नाव स्वतःबरोबर आणीत नाही ही मूळ कल्पना उपयुक्त ठरली. हृदय काहीतरी घडले आहे हे सांगते. कोण, केव्हा, कोठे हे त्याला सांगता येत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक आहे. कालिदासाला मेंदूचे शास्त्र ठाऊक होते, असा निष्कर्ष यातून काढण्याचा मोह होणे शक्य आहे, आणि तसे लेखन आपल्याकडे कमी झालेले नाही. तो मोह टाळलेला बरा. दुष्यंताला रोग नाही. त्याची बाकी सारी स्मृती शाबूत आहे, केवळ एक व्यक्ती तिच्यातून गळली आहे. असा रुग्ण वैद्यकात शोधीत बसणे व्यर्थ होय. मराठी रसचर्चेला या प्रकारच्या मोहाचा एक अनुभव आहेच. डॉ. के. ना. वाटवे यांनी ‘रसविमर्श’ (१९४२) या ग्रंथात रसव्यवस्थेची मॅक्डूगलच्या मानसशास्त्राच्या आधारे फेरतपासणी केली. ग्रंथ व्यासंगपूर्ण आहे आणि संस्कृत आधारांच्या बाबतीत आजही उपयोगी आहे. पण मॅक्डूगलची सहजप्रवृत्तींची यादी मानसशास्त्राने मागे टाकली, आणि तिच्यावर विसंबलेला विवेचनाचा भाग तिच्याबरोबर मागे पडला. आज स्थायी भावाच्या जागी अमिग्डला लिहिणाऱ्याची गतही उद्या तीच होईल. शास्त्राचा उपयोग येथे एवढाच आहे की, ज्या गोष्टीला कविकल्पना म्हणून सोडून दिले जात होते ती मनुष्यस्वभावात प्रत्यक्ष आढळते, हे कळल्यावर नाटकातील इतर जागा अधिक बारकाईने वाचाव्याशा वाटतात.

अशी पहिली जागा पहिल्याच अंकात आहे. शकुंतला ऋषिकन्या असेल तर क्षत्रियाने तिचा अभिलाष धरणे अयोग्य ठरेल, या शंकेचे निवारण राजा एका वाक्यात करतो : आपले आर्य मन ज्या अर्थी हिच्याकडे ओढ घेते त्या अर्थी ही क्षत्रियाने वरण्यास योग्य असलीच पाहिजे; कारण संशयाच्या बाबतीत सज्जनांच्या अंतःकरणाचा कल हेच प्रमाण होय. हे वचन सुभाषित म्हणून इतके गाजले आहे की त्यात काही विपरीत आहे हे कोणाला जाणवत नाही. राजाचा अंदाज खरा ठरतो, पण तो मेनकेची हकीकत कळल्यामुळे ठरतो, हृदयाच्या साक्षीमुळे नव्हे. पाचव्या अंकात राजाच्या याच तत्त्वाची परीक्षा होते. शकुंतला त्याला आठवण करून देण्याचा प्रयत्न करते. अंगठी हरवली आहे. मग ती हरिणाच्या पाडसाची गोष्ट सांगते : राजाच्या हातातून ते पाणी पिईना, तिच्या हातातून प्याले, तेव्हा तुम्ही दोघेही रानातलेच, असे म्हणून राजा हसला होता. ही आठवण किती कोवळी आहे! दोघांव्यतिरिक्त तिचा साक्षीदार कोणी नाही. राजा मात्र स्त्रियांच्या उपजत चातुर्यावर टोमणा मारतो. शापाच्या शब्दांप्रमाणे स्मरण करून देणे निष्फळ ठरते. आणि ती निघून गेल्यावर, अंकाच्या अगदी शेवटी, तो म्हणतो की मुनिकन्येशी विवाह केल्याचे आपल्याला आठवत नाही हे खरे, पण अतिशय व्यथित झालेले हे हृदय आपली जणू खात्री पटवून देत आहे.

मूळ वाक्यात ‘इव’ हे अव्यय आहे. सारा अंक या एका अव्ययावर तोलला गेला आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पहिल्या अंकात हृदय प्रमाण होते. आता ते ‘जणू’ प्रमाण आहे. पहिल्या वेळी हृदयाचा कल आणि राजाची इच्छा एकाच बाजूला होती, म्हणून त्याने साक्ष बिनतक्रार मानली. आता हृदय एका बाजूला आहे आणि परस्त्रीचा स्वीकार केल्याचे पाप लागेल ही भीती दुसऱ्या बाजूला. एका गर्भवती स्त्रीचे सारे भवितव्य त्या साक्षीवर अवलंबून असताना ती अग्राह्य ठरते. राजाला यासाठी दोष द्यावा काय? देणारे पुष्कळ आहेत. पण भावनेने तीव्र झालेली आठवण स्वतःविषयी जेवढी निःशंक असते तेवढी अचूक असते असे नाही, हेही तितकेच खरे. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्याची बातमी कोठे व कशी कळली याच्या विद्यार्थ्यांनी दिलेल्या हकीकती टालारिको आणि रुबिन यांनी ठरावीक काळानंतर पुन्हा तपासल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की या आठवणी साध्यासुध्या आठवणींइतक्याच बदलत गेल्या. मात्र त्यांच्या खरेपणाविषयीची खात्री अधिक राहिली. न्यायासनावर बसलेल्या माणसाने केवळ हृदयाच्या व्यथेवर निकाल द्यावा, असे म्हणणाऱ्याला त्याच व्यथेने दिलेले चुकीचे निकालही पदरात घ्यावे लागतील. कालिदासाने नाटकाच्या नावात ‘अभिज्ञान’ हा शब्द घातला, म्हणजे ओळख पटविणारी बाहेरची खूण. हृदयाची साक्ष खरी आहे, आणि तरीही ती एकटी पुरी पडत नाही. या दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी दाखवावयाच्या आहेत.

शाकुंतलात चौथा अंक सर्वश्रेष्ठ, या परंपरागत मतामुळे पाचव्या अंकाकडे काहीसे दुर्लक्ष झाले आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पुण्यातील पहिला प्रयोग, ३१ ऑक्टोबर १८८० चा, पहिल्या चार अंकांचाच होता, मराठी संगीत रंगभूमीच्या त्या पहिल्या प्रेक्षकांनी शकुंतलेला सासरी निघालेली पाहिली आणि ते घरी गेले. त्यांना शाप ऐकू आला, त्याचे फळ पाहावे लागले नाही. पाचवा अंक करणाऱ्या नटापुढील अडचण मोठी आहे. विषयाचे ज्ञान नसलेला भाव त्याने दाखवावयाचा आहे. सत्त्व म्हणजे मनाच्या एकाग्रतेतून उत्पन्न होणारी शक्ती आणि तिच्यावाचून अश्रू, रोमांच इत्यादी भाव दाखविता येत नाहीत, असे भरताने म्हटले आहे. पण दुष्यंताच्या भूमिकेत मन कशावर एकाग्र करावयाचे? ही व्याकुळता साध्या विरहासारखी दाखविली तर शापच खोटा वाटेल, आणि दाखविलीच नाही तर अंक कोरडा होईल.

सहाव्या अंकात मच्छिमाराकडून अंगठी येते आणि हृदयाच्या निनावी व्यथेला नाव मिळते. वसंतोत्सव बंद होतो, राजा शकुंतलेचे चित्र काढतो आणि त्यातच बुडून जातो. चित्रातील भ्रमराला तो धमकावू लागतो तेव्हा विदूषक त्याला सांगतो की हे चित्र आहे. राजाची त्यावरील तक्रार फार अर्थपूर्ण आहे. तन्मय हृदयाने ती जणू प्रत्यक्ष समोर असल्याचे सुख आपण घेत होतो. तू आठवण करून दिलीस आणि प्रियेचे पुन्हा चित्र करून टाकलेस, असे तो म्हणतो. पाचव्या अंकात शकुंतलेने करून दिलेली आठवण पोचली नाही; येथे विदूषकाने करून दिलेली आठवण पोचते आणि जे हाती होते तेच हिरावून नेते. आधी ज्ञानावाचून भाव होता. आता ज्ञान येऊन भावाची तंद्री मोडते. या दोन प्रसंगांची जोडी टीकाकारांनी जितकी लक्षात घ्यावयास हवी होती तितकी घेतलेली नाही.

सातव्या अंकात मारीचाच्या आश्रमात सिंहाच्या छाव्याला ओढणारा बालक दिसतो आणि राजाच्या मनात औरस पुत्राविषयी वाटावा तसा स्नेह दाटतो. हृदय पुन्हा आधी बोलले. राजा पुन्हा एक सर्वसामान्य कारण देतो : आपण निपुत्रिक आहोत म्हणून असे वाटत असेल. पण या वेळी तो तेथेच थांबत नाही आणि हृदयावर विसंबूनही राहत नाही. हातावरील चक्रवर्तीची लक्षणे, चेहऱ्यातील साम्य, पुरुवंशाचा उल्लेख, मातीच्या मोराच्या निमित्ताने निघालेले आईचे नाव, आणि अखेर जमिनीवर पडलेला, आईबापांखेरीज इतरांनी उचलल्यास सर्प होणारा ताईत, अशा एकेका पायरीने तो पुढे सरकतो. नाव ऐकल्यावरही, नावे सारखी असू शकतात, असे तो मनाला बजावतो. उतावीळ प्रेमिक, भेदरलेला न्यायाधीश आणि हा सावध माणूस यांतील अंतर पुष्कळ आहे.

मारीचापुढे आपली हकीकत सांगताना राजा एक दृष्टान्त देतो. हत्ती समोर उभा असताना हा हत्ती नव्हे असे वाटावे, तो निघून गेल्यावर संशय यावा, आणि पावलांचे ठसे पाहिल्यावर खात्री पटावी, तसा आपल्या मनाचा विकार झाला, असे तो म्हणतो. मारीच त्याला शापाचा वृत्तान्त सांगतो. राजा निर्दोष ठरल्याचा शकुंतलेला आनंद होतो. आणि लगेच ती स्वतःशी म्हणते की आपल्याला शाप मिळाल्याचे तर आठवत नाही. नंतर तीच त्याचा उलगडा करते : विरहाने हृदय शून्य झालेले असताना तो कानांवर पडला असेल आणि कळला नसेल. निरोप देताना, राजाला ओळख पटण्यास उशीर लागला तर ही अंगठी दाखव, असे सख्यांनी का सांगितले होते, आणि ते ऐकून आपल्या अंगाला कंप का सुटला होता, हे तिला आता समजते.